आतला हात

नट हातातून निसटला की हलायचं नाही, हा मामाचा पहिला धडा. वाकायचं नाही, शिवी घालायची नाही, नुसतं ऐकायचं. खणखणीत एकच आवाज आला तर नट जमिनीवर पोचला, बॅटरी मारली की दिसेल. दोन-तीन ठिकाणी आपटत घरंगळल्याचं ऐकू आलं तर चासीच्या पन्हाळीत अडकलाय, तार घालून काढता येईल. आणि एक बारीकसा ‘टिक्’ होऊन पुढे सगळं शांत झालं, तर मात्र हात पुसून चहा मागवायचा. कारण तो नट आता अशा जागी जाऊन बसलाय, की निम्मी गाडी उघडल्याशिवाय भेटायचा नाही.

मामा जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत फिटर होता. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही नाशिकरोडला महानगरी एक्सप्रेस पकडायचो आणि अधारतालच्या त्याच्या घरी जाऊन थडकायचो. रात्री अंगणात खाटा पडल्या की मला तोफांच्या, लष्करी गाड्यांच्या गोष्टी हव्या असायच्या. मामा सांगायचा नटांच्या.

“पहिली सहा वर्षं मी फक्त नट धरले.”

“आणि फिरवायचं कोण?”

“बाहेरचा.”

हे ‘बाहेरचा’ आणि ‘आतला’ प्रकरण कळायला मला बरीच वर्षं लागली. बोल्टाला दोन बाजू असतात. एकीकडे त्याचं डोकं, दुसरीकडे नट. डोकं फिरवायला लागलं की नटही सोबत गरगरतो, म्हणून कुणीतरी पलीकडून पाना लावून तो धरून ठेवायचा. ट्रकच्या चासीत, डॅशबोर्डाच्या मागे, गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला ही पलीकडची बाजू म्हणजे अंधार, तेल आणि दोन बोटं जेमतेम जातील एवढी फट. बाहेरचा माणूस उभा राहून, दिसतंय त्या ठिकाणी, लांब दांड्याच्या पान्याने बोल्ट आवळतो. आतला पाठीवर झोपून, मनगट उलटं करून, न दिसणारा नट बोटांच्या टोकांनी आट्यावर बसवतो. आधी वायसर, मग नट, मग पहिला आटा. पहिला आटा तिरका गेला की सगळंच फसलं. काम झाल्यावर साहेब पाठ थोपटतो ती बाहेरच्याची. ती गंमत मामा हसत सांगायचा, पण सांगायचा दरवर्षी.

आतलं काम नव्या पोराकडे जाई, कारण एकच: त्याचा हात बारीक. अनुभव वाढला, हात जाड झाला, की बढती मिळून माणूस बाहेर येई.

जबलपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती आणि त्याही आधी, १८१७ पर्यंत, इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्यामुळे जबलपुरात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. मामा त्यातला नव्हे, तो फॅक्टरीमुळे आला. गनकॅरेज फॅक्टरी इथे १९०४ ची. तोफा ज्यावर बसवतात ते गाडे तिथे होत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस याच फॅक्टरीत जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक जुळू लागला, आणि पुढे गाड्यांसाठी वेगळा कारखाना हवा म्हणून १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. शक्तिमान, निसानची एक टनी गाडी आणि जोंगा, हे तिथलं त्रिकूट. जोंगा हे नाव ऐकून मला लहानपणी आफ्रिकेतला एखादा प्राणी डोळ्यांसमोर यायचा. प्रत्यक्षात ते ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ याचं आखूड रूप. निसान पॅट्रोल या गाडीच्या सांगाड्यावरची ही जीप १९९९ पर्यंत बनत राहिली.

मामाची भाषाही त्या शेडमध्ये घडलेली. पक्कड त्याच्या तोंडी केव्हाच ‘प्लास’ झाली होती, स्क्रू ड्रायव्हर ‘पेचकस’, चाकी ‘ढिबरी’ आणि बोल्ट ‘काबला’. मामी अजून ‘पक्कड’च म्हणते. मधल्या मधे आम्हा भाचेमंडळींना दोन्ही नावं पाठ झाली आणि नाशिकच्या हार्डवेअरच्या दुकानात ‘ढिबरी द्या’ म्हटलं की दुकानदार बघत राही.

०

गेल्या थंडीत जबलपूरला गेलो तेव्हा मामाने स्वतःच सुचवलं, “नट धरणाऱ्यांवर लिहितोयस ना, मग फॅक्टरी काय बघतोस? गोहलपूरला जा.”

गोहलपूर अधारतालहून जवळ. ही दाट, जुनी, कष्टकऱ्यांची वस्ती. जबलपूरचा तयार कपड्यांचा धंदा, विशेषतः सलवार सूट, ज्या भागांमुळे नावारूपाला आला त्यात गोहलपूर येतं. तिथल्या लेमा गार्डन भागात कपड्यांचं क्लस्टरही उभं राहिलं आहे. पण क्लस्टरच्या बाहेर, गल्ल्यांमध्ये, घराच्या पुढच्या खोलीत चार-सहा मशीन टाकून चाललेलं काम जास्त बोलकं. दुपारी गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंनी मशीनची घरघर येते, आणि एखाद्या दारातून ती अचानक थांबली की समजायचं, मशीन बंद पडलंय किंवा वीज गेलीय.

अशाच एका थांबलेल्या घरघरीपाशी मला मेकॅनिक भेटले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत होते, मीही म्हणू लागलो. रेक्झिनची जुनी पिशवी, चष्म्याला मागून दोरी, उजव्या हाताच्या तर्जनीचं नख वाढवलेलं. ते नख म्हणजे हत्यार आहे हे मला नंतर कळलं.

मशीन होतं कारखान्यातलं साधं एकसुईचं. जाड कापडावरून पातळ कापडावर जायचं होतं म्हणून खालचे दाते बदलायचे होते. सुईखालची पोलादी पट्टी काढली की फटीत दाते दिसतात. हीच ती करवतीसारखी पट्टी, जी खालून वर येऊन कापड एकेक टाका पुढे ढकलते. ती दोन छोट्या स्क्रूंनी बसवलेली असते. स्क्रू तांदळाच्या दाण्याहून फार मोठे नाहीत, आणि त्यांची जागा बोटाच्या पेरापेक्षा अरुंद. स्क्रू बोटात धरून तिथे नेता येत नाही, कारण बोटच जात नाही. नुसत्या पेचकसावर ठेवून नेला तर अर्ध्या वाटेत पडतो. आणि पडला की सरळ खाली, कारण या मशीनच्या पोटाखाली तेलाची परात असते. मशीनचं डोकं बिजागरीवर मागे कलतं, खाली परातीत पांढरं पातळ तेल, आणि त्या तेलात सात-आठ वर्षांचं काय काय साठलेलं: धागे, सुयांचे तुकडे, एक टिकली, आणि याआधी पडलेले स्क्रू.

उस्तादांनी पिशवीतून एक आखूड पेचकस काढला, त्याचं टोक दुसऱ्या हातातल्या चुंबकावर एकाच दिशेने सात-आठ वेळा घासलं, मागे-पुढे नाही, फक्त मुठीकडून टोकाकडे. मग स्क्रूच्या डोक्याला लावलं. स्क्रू चिकटला, पण तिरका. त्यांनी नखाने त्याला जरा ढकलून सरळ केला आणि फटीत नेला. आत गेल्यावर ते बघत नव्हते. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. स्क्रू आधी त्यांनी उलटा फिरवला, आवळायच्या विरुद्ध दिशेने, पाऊण फेरा. काहीतरी ‘कट्’ झालं, म्हणजे आटा आट्याच्या तोंडाशी आला. मग सुलटा.

“पेच पकडना काम है,” ते म्हणाले. “घुमाना तो कोई भी घुमा ले.”

मामाचं वाक्य दुसऱ्या भाषेत.

०

उस्तादांची पिशवी मी मागून घेऊन जमिनीवर पसरली. तिच्यात निम्मी हत्यारं फिरवायची होती आणि निम्मी धरायची, आणि या दुसऱ्या निम्म्या हत्यारांना दुकानात धड नावंही नाहीत.

एक होता फाट्याचा पेचकस. बाहेरून साधा दिसतो, पण त्याचं पातं मधोमध उभं चिरलेलं असतं. दांडीवरची नळी पुढे सरकवली की दोन्ही अर्धी पाती एकमेकांवरून किंचित फिरतात आणि स्क्रूच्या खाचेत पाचर मारल्यासारखी बसतात. आता स्क्रू उलटा धरा, आडवा धरा, झटका, पडत नाही. चुंबकाची गरज नाही म्हणून पितळी स्क्रूलाही चालतो. अट एवढीच, की याने स्क्रू सुरू करायचा, आवळायचा नाही. आवळायला गेलात तर पातळ पाती मोडतात. दोन-तीन आटे धरले की नळी मागे घ्यायची आणि जाड पेचकस लावायचा. दुसऱ्या प्रकारात दांडीला पोलादी पत्र्याचे दोन चिमटे असतात, ते स्क्रूचं डोकं खालून पकडतात. इलेक्ट्रिशियन लोक स्विचबोर्डात हा वापरतात. पण चिमट्यांना स्वतःला जागा लागते, आणि जागा नाही म्हणूनच तर हा सगळा खटाटोप.

मग ‘पंजा’. इंजेक्शनच्या सिरिंजसारखा दिसतो: वर दट्ट्या, मधे वाकणारी लांब स्प्रिंगची नळी, टोकाला चार बारीक तारांची नखं. दट्ट्या दाबला की नखं बाहेर येऊन फाकतात, सोडला की मिटतात. अडचणीत पडलेला नट उचलायला याच्यासारखं काही नाही. मात्र याच्याने नट आट्यावर बसवता येत नाही, कारण मान वाकडी आणि ढिली. जे वाकतं ते पोचतं, पण जोर लावत नाही. जे जोर लावतं ते वाकत नाही. हत्यारं बनवणाऱ्या सगळ्यांचं डोकं याच एका पेचात अडकलेलं असतं.

पिशवीत एक डॉक्टरी आर्टरी फोर्सेपही होती. शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी दाबून धरायची ती कात्रीसारखी चिमटी. मुठीपाशी तिला दात्यांचा खटका असतो, एकदा दाबली की हात सोडला तरी मिटलेलीच राहते. पक्कड सोडली की उघडते. आर्टरी उघडत नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी ती फार आधी उचलली. आणि उलट बाजूने, हाडांचे सर्जनही आपल्या स्क्रू ड्रायव्हरवर स्क्रूचं डोकं धरून ठेवणारी नळी चढवतात. मांडीच्या हाडात स्क्रू बसवताना तो जखमेत पडून चालत नाही. मेकॅनिकने सर्जनची चिमटी घेतली, सर्जनने मेकॅनिकची युक्ती. फिटंफाट.

आणि मग ज्याला हत्यार म्हणावं की नाही अशा वस्तू. ग्रीसची डबी: पान्याच्या तोंडात बोटभर ग्रीस भरायचं, नट त्यात रुतवायचा, पडत नाही. मेणाचा तुकडा: पितळी किंवा स्टेनलेसच्या स्क्रूसाठी, कारण चुंबक त्यांना विचारत नाही. वहीच्या कागदाची घडी: गोटी पान्यात नटाभोवती दाबून बसवली की ढिला नट घट्ट होतो, काम झाल्यावर कागद फाटून येतो. काळी चिकटपट्टी: रिंग पान्याच्या एका तोंडावर मागून लावली की त्याची वाटी होते, नट मागे निसटत नाही. शिवणाचा दोरा: वायसरमधून ओवून दोन्ही टोकं बोटाला गुंडाळायची, म्हणजे वायसर पडला तरी दोऱ्याला लटकतो. आणि सायकलचा स्पोक, त्याचं मूळचं वाकडं टोक आणखी घासून बारीक केलेलं. मामाकडे असाच एक होता. व्हेइकल फॅक्टरीतल्या शेडमध्ये आणि गोहलपूरच्या गल्लीत तोच स्पोक, त्याच टोकाशी घासलेला. कुणी कुणाकडून घेतला हे विचारण्यात अर्थ नाही; हात अडला की माणूस सायकलकडे बघतो.

चुंबकाबद्दल मात्र उस्तादांचं मत चांगलं नव्हतं. १९८० च्या दशकात निओडिमियमचे चुंबक आले, आणि मग रेडिओच्या अँटेनासारखी लांब होणारी, टोकाला मटारएवढा चुंबक असलेली कांडी स्वस्तात सगळीकडे मिळू लागली. तिने पडलेला स्क्रू उचलणं सोपं केलं. पण अरुंद जागेत नेताना ती वाटेतल्या प्रत्येक लोखंडी भिंतीला चिकटते. “रास्ते में सबसे गले मिलती है,” उस्ताद म्हणाले. शिवाय मशीनच्या हुकापाशी, जिथे सुई आणि हुकाचं टोक केसाच्या अंतराने एकमेकांजवळून जातात, तिथे पोलादात चुंबकपणा शिरला की लोखंडी कीस गोळा होतो. म्हणून त्या भागात ते घासलेला पेचकस नेतच नाहीत. तिथे मेण.

तीच कांडी गल्लीत दुसऱ्या कामालाही आहे. सुई तुटली की तिचे तुकडे शोधावेच लागतात. परदेशी माल शिवणाऱ्या मोठ्या कारखान्यांत तर सगळे तुकडे जुळवून नोंद केल्याशिवाय नवी सुई मिळत नाही, कारण लहान मुलाच्या फ्रॉकमध्ये सुईचं टोक गेलं तर काय होईल ते कुणालाही कळतं. गल्लीत नोंदवही नाही. शिवणारी बाई कांडी फिरवते, टोक सापडलं की मशीनवर टेपखाली चिकटवून ठेवते आणि पुढे शिवते.

०

स्क्रू पडू नये याचं उत्तर हत्यारात शोधायचं, की स्क्रूतच? कॅनडातल्या ओंटारिओमधला पीटर रॉबर्टसन हा फिरता विक्रेता १९०८ च्या सुमारास दुसऱ्या वाटेने गेला. (जबलपुरात रॉबर्टसन म्हटलं की जुन्या पिढीला रॉबर्टसन कॉलेज आठवतं. तो रॉबर्टसन प्रांताचा ब्रिटिश अधिकारी, हा वेगळा.) सांगतात ते असं, की गिऱ्हाईकांना स्प्रिंगचा स्क्रू ड्रायव्हर दाखवताना पातं खाचेतून सटकलं आणि त्याचा हात कापला. त्याने स्क्रूच्या डोक्यात सरळ खाचेऐवजी किंचित निमुळता होत जाणारा चौकोनी खळगा केला. ड्रायव्हरचं टोकही तसंच निमुळतं. टोक खळग्यात बसवलं की स्क्रू त्याला धरून राहतो, खाली पडत नाही, आणि दुसरा हात मोकळा. चुंबक नाही, चिमटा नाही, भूमितीच धरते. हेन्री फोर्डला हा स्क्रू इतका पटला की त्याला सगळा परवाना हवा होता. रॉबर्टसनने आपल्या हातातलं सोडायला नकार दिला. फोर्ड दुसरीकडे वळला आणि चौकोनी स्क्रू बराचसा कॅनडातच राहिला.

जगभर पसरला तो १९३६ मध्ये पेटंट झालेला हेन्री फिलिप्सचा, आपण ज्याला ‘चार खाचांचा’ किंवा नुसतं ‘फुली’ म्हणतो तो. तो आपोआप मध्यावर येतो हे खरं, आणि कारखान्यातल्या मशीनने भराभर आवळायला ते सोयीचं. पण जोर वाढला की ड्रायव्हर वर उचलला जातो आणि खाचा गोल होतात. आपल्या प्रत्येकाच्या घरी खाचा गोल झालेला असा एक स्क्रू असतोच, बहुधा पंख्याच्या रेग्युलेटरवर.

मला यात खटकतं ते निराळं. स्क्रूचं डोकं कसं असावं हे कागदावर ठरवणारा माणूस त्या अंधाऱ्या फटीत कधी हात घालत नाही. त्याच्या आराखड्यात नट स्वच्छ पांढऱ्या जागेत, चहूबाजूंनी दिसणारा असतो. जी जागा त्याने सोडली नाही, ती मेकॅनिकच्या बोटांच्या सालीतून वसूल होते.

आणि मेकॅनिकचं बोट मावत नसेल, तर छोट्या बोटांतून.

भारतातल्या गॅरेजमधलं सगळ्यांत जुनं ‘अडचणीत नट धरण्याचं साधन’ म्हणजे छोटू. त्याला नाव नसतं, असलं तरी वापरत नाहीत. गाडीखाली तो जातो, टाकी आणि चासीच्या मधे त्याचा हात जातो, नट तो धरतो. मीही लहानपणी नाशिकला एका गॅरेजवर बाबांच्या स्कूटरचं काम चाललेलं बघत उभा असायचो, आणि माझ्याच वयाचा एक मुलगा इंजिनच्या खालून कोपरापर्यंत काळा झालेला हात बाहेर काढून मला दाखवायचा, जणू जादू. मला त्याचा हेवा वाटायचा, हे लिहायला आज लाज वाटते. १९८६ चा बालकामगार कायदा आणि २०१६ मधली त्याची दुरुस्ती यानंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही. सूट घरच्या कामात शाळा सुटल्यावरच्या मदतीची आणि बालकलाकारांची. कायदा कागदावर ठाम आहे. पण गाडीचा आराखडा काढताना आतल्या नटाला पाना पोचेल एवढी जागा सोडली असती, तर छोटूच्या हाताला एक गिऱ्हाईक कमी झालं असतं, हेही तितकंच खरं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फोर्डचा विलो रन कारखाना बी-२४ बॉम्बर विमानं करत होता. वेग भरात असताना साधारण तासाला एक. पंखाच्या आत, जिथे सामान्य उंचीचा माणूस शिरू शकत नव्हता, तिथे रिव्हेटच्या मागे लोखंडी ठोकळा धरायला ठेंगण्या बांध्याच्या माणसांना कामावर घेतलं होतं. बाहेरचा हातोड्याची बंदूक चालवतो, आतला ठोकळा दाबून धरतो, त्यावर आपटून रिव्हेटचं शेपूट चपटं होतं. पोकळ ॲल्युमिनियमच्या पंखात बसून तो आवाज ऐकणं म्हणजे काय, याची कल्पना मी डालड्याच्या डब्यात डोकं घालून करून पाहिली. जमली नाही.

विमानांनीच त्यावर उताराही काढला. १९३० च्या दशकात पंखांवर बर्फ साचू नये म्हणून रबरी पट्टे लावायचे होते आणि पंखाच्या आत नट धरायला कुणाला पाठवणार? गुडरिच कंपनीने रिव्हनट काढला. ही आतून आटे पाडलेली नळी. बाहेरूनच भोकात घालायची, बाहेरूनच खेचायची, आत ती फुगून बसते आणि कायमचा नट होते. आज गाड्यांच्या पत्र्यात वेल्ड करून ठेवलेले नट असतात, पिंजऱ्यातले नट असतात, जे बोल्ट येईल तिकडे जरासे सरकतात पण गरगरत नाहीत. नटालाच जागेवर कैद केलं की धरायला माणूस लागत नाही. मामाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “माहितीय. शेवटी शेवटी आमच्याकडेही आले. आतल्याची नोकरी गेली, पण पाठ वाचली.” आणि जरा थांबून, “गंजून तो कैदी नट सुटला ना, मग मात्र बोंब. मग धरायला जागाच नसते. कापावा लागतो.”

०

नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत टापरिया टूल्सचा कारखाना आहे, एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६९ पासून हत्यारं बनवणारा. मामाची फॅक्टरी आणि आमच्या गावचा हा कारखाना, दोघांचं साल एकच. गोहलपूरच्या पिशवीतले दोन पेचकस आणि नोज पक्कड नाशिकची निघाली, तेव्हा मला उगाच बरं वाटलं. पंजा आणि कांडी परदेशी, नाव नसलेले. राजस्थानातल्या नागौरच्या लोहारांनी घडवलेली एक छोटी पक्कडही होती, आणि उस्तादांच्या मते सगळ्यांत टिकाऊ तीच. पण त्यांच्या रोजच्या वापरातला, एका बाजूला वाकवलेला रिंग पाना कुठल्याच कारखान्याचा नव्हता. बाजारचा सरळ पाना गॅसवर लाल करून त्यांनी स्वतः वाकवला होता. वाकवताना पोलादाचं पाणी उतरतं, मऊ पडतं, हे त्यांना माहीत आहे. “ताकद के लिए दूसरा है. ये पहुँचने के लिए.”

पोचण्याचा हा प्रश्न माणूस आकाशात घेऊन गेला तिथेही सुटला नाही. हबल दुर्बिणीतला एक वर्णपटमापक २००४ मध्ये बंद पडला. तो मुळात दुरुस्त करण्यासाठी बनवलेलाच नव्हता. मे २००९ मध्ये अंतराळवीर माइक मॅसिमिनो तो उघडायला बाहेर गेला, तेव्हा त्याच्यापुढे शंभराहून जास्त बारीक स्क्रू होते आणि हातात स्वयंपाकघरातल्या ओव्हनच्या मोज्यांसारखे जाड हातमोजे. तिथे निसटलेला स्क्रू खाली पडत नाही. तो तरंगत दुर्बिणीच्या आरशाकडे जाऊ शकतो. म्हणून झाकणावर आधी एक पारदर्शक पट्टी बसवायची, जिला प्रत्येक स्क्रूच्या वर ड्रायव्हरपुरतं भोक. स्क्रू सुटतो तो पट्टीखालीच अडकून राहतो. शंभर स्क्रूंना एकदम धरणारा एकच आतला हात. गंमत अशी, की त्या दिवशी त्याला अडवलं ते या बारीक स्क्रूंनी नाही. पट्टी बसवण्याआधी एक धरायची दांडी काढायची होती, तिच्या चार मोठ्या स्क्रूंपैकी एकाच्या खाचा गोल झाल्या. शेवटी जमिनीवरून सल्लामसलत होऊन त्याने ती दांडी हाताने उपटून काढली. हे उस्तादांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच मोठ्याने हसले. सगळ्या गल्लीला त्यांनी ते पुन्हा सांगितलं, आणि सांगताना दांडी उपटल्याचा अभिनय माझ्यापेक्षा चांगला केला.

तेवढ्यात त्यांच्या हातातला दुसरा स्क्रू पडला. गल्ली गप्प झाली; उस्ताद ऐकत होते. ‘टिक्’, आणि मग तेलात बुडाल्याचा मऊसा आवाज. त्यांनी मशीनचं डोकं मागे कलवलं, बाही वर केली, कांडी बाजूला ठेवली आणि तेलात सरळ हात घातला. डोळे पुन्हा कॅलेंडरवर. हात बाहेर आला तेव्हा बोटांच्या चिमटीत दोन स्क्रू होते. एक आत्ताचा, आणि एक जुना, काळा पडलेला. तो कुणी, कधी पाडला होता कोण जाणे. त्यांनी दोन्ही फडक्याने पुसले, जुना खिशात टाकला.

परत येताना मी मामासाठी बाजारातून एक भारी कांडी घेतली, टोकाला चुंबक आणि चुंबकाभोवती तीन छोटे दिवे. मामाने ती लांब केली, आखूड केली, दिवे लावून पाहिले, “छान आहे रे” म्हणाला आणि खिडकीच्या गजाला स्पोकशेजारी अडकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी तिने गादीतल्या टाचण्या वेचत होती. मामाच्या सायकलच्या स्टँडचा नट खाली पडला होता, मागच्या मडगार्डमध्ये. तो जमिनीवर बसला, डोकं कलतं केलं, आणि माझ्याकडे न बघता गजाकडे हात करून म्हणाला, “तो दे. दिव्याचा नको, स्पोक.”